वाचकांचे प्रश्न : ‘एकच नंबर’च्या पुढे काय लिहायचं?

प्रश्न : आमच्या तालुक्यातल्या हौशी फोटोवाल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. कुणीही फोटो टाकला की ‘एकच नंबर भाऊ’, ‘कडक’ आणि अंगठे. परवा एका पोरानं कापूस वेचणाऱ्या बाईचा फोटो टाकला. काहीतरी चुकलंय एवढं कळत होतं, पण नेमकं काय ते सांगता येईना. त्याला विचारून तो फोटो सोबत पाठवतो आहे. काय लिहावं? — एक वाचक, वणी तालुका

उत्तर : लिहिण्याआधी नीट बघा. मोबाइल सावलीत धरा, ब्राइटनेस निम्म्याच्या थोडा वर ठेवा, रात्रीसाठी लावलेला पिवळा मोड बंद करा. धुऱ्यावर उन्हात उभं राहून बघितलं तर चांगला उजळ फोटोही काळपट दिसतो. व्हॉट्सॲप नेहमीच्या पद्धतीनं पाठवलेला फोटो दाबून लहान करतं, त्यामुळे ‘फोकस मऊ आहे’, म्हणजे फोटो धूसर आहे, असं म्हणण्याआधी मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा.

आता हा फोटो. पहिल्यांदा नजर कुठे जाते? उजव्या कोपऱ्यातल्या कापसाच्या गाठोड्यावर. ते इतकं पांढरंफटक झालंय की कापसाचा पोतच उरलेला नाही. बाईच्या हाताकडे आपण दुसऱ्यांदा जातो, आणि खरा फोटो तिथेच आहे. अंगठा आणि दोन बोटांनी बोंडातून कापूस ओढतानाचा क्षण बरोबर सापडलाय, नखाजवळ अडकलेला वाळक्या पानाचा चुरासुद्धा स्पष्ट दिसतो. हे आधी लिहा. गोड बोलायचं म्हणून नाही. पुढच्या वेळी काय सोडायचं नाही हे त्याला कळायला हवं म्हणून.

मग कारण. फोटो भर दुपारचा आहे, डोक्यावरच्या दुपट्ट्यानं चेहरा सावलीत गेलाय. त्यानं चेहऱ्यावर बोट टेकवलं असणार. तसं केलं की मोबाइल त्या सावलीच्या हिशेबानं उजेड वाढवतो आणि उन्हातला कापूस ‘जळतो’, म्हणजे नुसता पांढरा होतो. जेपेग फाइलमध्ये एकदा २५५ वर, म्हणजे उजेडाच्या कमाल आकड्यावर, गेलेला पांढरा रंग कुठल्याही ॲपनं परत येत नाही. म्हणून ‘एडिटमध्ये उजेड कमी कर’ हा सल्ला इथे चालणार नाही, नुसता कापूस राखाडी होईल. पुढच्या वेळी बोट दाबून धरून फोकस लॉक करायचा, सूर्याचं चिन्ह खाली ओढून कापसाचे तंतू दिसेपर्यंत उजेड उतरवायचा आणि चेहरा नंतर एडिटमधल्या ‘शॅडोज’मधून (सावल्या उजळणाऱ्या पट्टीतून) थोडा वर घ्यायचा. याच्या उलट चूकही नेहमी होते. चौकटभर कापसाचा ढीग असला की कॅमेरा त्याला मधला राखाडी समजतो आणि सगळं मळकट येतं. तिथे एक्स्पोजर (उजेडाची पातळी) +१ ते +१.५ लागतं.

डोक्यातून उगवलेला विजेचा खांब मात्र अर्धं पाऊल डावीकडे सरकलं असतं तर गेला असता. क्षितिज डावीकडे कललंय, ते घरी बसून दोन सेकंदांत सरळ होतं.

सल्ला देताना गावाचं वेळापत्रक विसरू नका. ‘पहाटेच्या सोनेरी उजेडात काढ’ असं लिहिणं सोपं आहे, पण दव उतरल्याशिवाय वेचणी सुरूच होत नाही. ओला कापूस कुणी वेचत नाही. डिसेंबरात आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून दुपारी चार ते सव्वापाच ही वेळ सुचवा. ऊन तिरपं येतं, दुपट्ट्याखाली शिरतं आणि बाया वावरातच असतात.

हे सगळं एका कमेंटमध्ये कोंबू नका. दोन मुद्दे पुरेत: ‘भाऊ, हाताचा क्षण मस्त पकडला. नजर मात्र आधी गाठोड्यावर जाते, कारण तिथला कापूस जळलाय. उजेड कापसावर बघून कमी केला आणि चारनंतर गेलास तर चेहरा आणि कापूस दोन्ही मिळतील.’ खांबाचं पुढच्या फोटोला सांगा.

प्रश्न : ग्रुपमध्ये आमचे निवृत्त गुरुजी आहेत. पोळ्याचे फोटो टाकतात, पण रंग इतके वाढवतात की डोळे दिपतात. त्यांना कसं सांगणार? — एक वाचिका, आर्वी

उत्तर : सर्वांसमोर नको, वैयक्तिक मेसेज करा. आणि मोघम नको. ‘रंग जास्त वाटतात’ ही आवडीनिवडीची गोष्ट झाली, त्यावर वाद होतो. फोटोत काय हरवलं ते दाखवा: ‘गुरुजी, लाल झुलीवरचं भरतकाम मला दिसत नाहीये, सगळा एकच लाल पट्टा दिसतो. तुमच्या मूळ फोटोत ते असेल, तो पाठवाल का?’ सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) टोकाला नेलं की लाल चॅनल, म्हणजे फोटोतला लाल रंगाचा हिस्सा, कमाल मर्यादेला जाऊन भरून जातो आणि विणीतले बारीक फरक पुसले जातात. गुरुजींनी मूळ आणि रंगवलेला फोटो शेजारी ठेवून झूल मोठी करून बघितली की फरक त्यांनाच दिसेल. मग सॅच्युरेशन शून्यावर, म्हणजे मूळ फोटोइतकंच, ठेवून व्हायब्रन्स (मुख्यतः फिके रंग उचलणारी पट्टी) १० ते १५ एवढंच करून बघा म्हणावं. शिंगांच्या कडेनं पांढरी रेघ दिसत असेल तर ती शार्पनिंग (कडा ठळक करणं) किंवा एचडीआर (उजेड-सावली एकत्र उठवणं) जास्त झाल्याची खूण, तेही त्याच वेळी तपासता येईल.

त्यांचं ‘मला असंच आवडतं’ असं उत्तर आलं तर विषय तिथेच सोडा. फोटो त्यांचा आहे.

प्रश्न : शंकरपटाच्या, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीच्या, माझ्या फोटोंवर ‘हलला’, ‘आउट आहे’, ‘जोडी मधोमध घेतली, तिसऱ्या भागात पाहिजे’ असे शेरे येतात. यातलं किती मानायचं? — एक वाचक, धामणगाव परिसर

उत्तर : ‘हलला’ या एका शब्दात चार वेगळ्या गोष्टी लपतात. त्यातले तीन दोष आहेत आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. शेरा देणाऱ्यानं आणि तुम्हीही फोटो १०० टक्के मोठा करून बघायचा. मागची माणसं स्पष्ट आणि बैल पुसलेले असतील तर शटरचा वेग कमी पडला. बाजूनं पळणाऱ्या जोडीला १/१००० सेकंद लागतो, ढगाळ असलं तर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) वाढवा पण शटरचा वेग सोडू नका. माणसं, बैल, खुंट्या, सगळंच एकाच दिशेनं ओढल्यासारखं असेल तर हात हलला. बैल धूसर पण त्यांच्यामागची माती कणाकणानं स्पष्ट असेल तर फोकस मागे पडला, तिथे सतत फोकस करणारा मोड लावायचा. आणि बैलांची तोंडं बऱ्यापैकी स्पष्ट, मागची गर्दी आडव्या रेघांची झाली असेल तर तो दोष नाहीच, ते पॅनिंग आहे. १/३० ते १/६० वर कॅमेरा जोडीबरोबर फिरवून मुद्दाम करतात. अशा फोटोवर ‘मागचं हललंय’ असं लिहिणं म्हणजे फोटो न बघता लिहिणं.

मधोमध असण्याबद्दल: जोडी सरळ तुमच्यावर धावून येत असेल तर मध्यभागच योग्य, दोन्ही बैल तोलून दिसतात. बाजूनं पळत असेल तर पुढे जागा हवी, नाहीतर ती चौकटीच्या कडेवर आदळते. शेरा देणाऱ्याला ‘का?’ विचारा. कारण सांगता आलं तर सल्ला कामाचा.

प्रश्न : झाडीपट्टीच्या नाटकाचे फोटो काढते. एकीनं लिहिलं, ‘कॅमेरा खराब आहे, आडवे पट्टे येतात.’ खरंच बदलावा का? — वडसा

उत्तर : कॅमेरा ठीक आहे, आणि न तपासता असं लिहिल्यानं कुणाचे तरी हजारो रुपये विनाकारण जाऊ शकतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/५०० शटरला सेन्सरच्या काही ओळी उजेडात आणि काही अंधारात नोंदल्या जातात, तेच पट्टे. १/१०० वर या. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर चालू असेल तर आधी तो बंद करा. काही एलईडी दिव्यांचा वेग वेगळाच असतो, म्हणून पडदा उघडल्यावर १/५०, १/१०० आणि १/१२५ असे तीन फोटो काढून पट्टे कशात जातात ते बघा. १/१०० ला हातवारे पुसले जातात. संवाद संपून नट क्षणभर थांबतो तेव्हा बटण दाबा. निळ्या दिव्यात चेहरा सपाट डागासारखा येत असेल तर निळा चॅनल भरलाय, एक्स्पोजर -०.७ करा.

प्रश्न : सल्ला देताना कुणाचा फोटो क्रॉप करून ग्रुपवर टाकला तर चालेल का? — मोर्शी

उत्तर : आधी विचारा. ‘हो’ आलं तरच, आणि त्या संभाषणापुरतंच. नाहीतर स्क्रीनशॉटवर क्रॉपची रेघ ओढून फक्त त्यालाच पाठवा. तुम्ही सुधारलेला फोटो पुढे दुसऱ्या ग्रुपवर फिरला तर तो कुणाचा हेच कळत नाही, आणि मग तो माणूस फोटो टाकणंच बंद करतो.

प्रश्न : एकानं सारसाच्या घरट्याचा, अंड्यांसकट, अगदी जवळून फोटो टाकला. फोटो उत्तम आहे. कौतुक करावं का? — गोंदिया जिल्हा

उत्तर : इथे फोकस, प्रकाश, रचना यावर एक शब्दही लिहू नका. ‘किती अंतरावरून, कुठल्या लेन्सनं?’ हा पहिला प्रश्न. सारस पावसाळ्यात धानाच्या बांधीत किंवा तलावाकाठी घरटं करतो, बहुधा दोनच अंडी घालतो. माणूस जवळ गेला की जोडी उठते, अंडी उघडी पडतात, आणि चिखलात उमटलेली पायवाट कुत्र्यांना व इतर माणसांना घरट्यापर्यंत नेते. अशा फोटोवर पडलेले पन्नास अंगठे पुढच्या पन्नास जणांना त्या बांधीकडे पाठवतात. त्याला फोन करा, फोटो ग्रुपवरून काढून टाकायला सांगा. त्यानं तो डॉक्युमेंट म्हणून पाठवला असेल आणि मोबाइलचं लोकेशन चालू असेल तर फाइलमध्ये घरट्याची जागाही नोंदलेली असते. ज्यांनी फाइल उतरवून घेतली त्यांनाही ती पुसायला सांगा.