मोठ्या धडकेत इलेक्ट्रिक पिकअप ट्रक कितपत टिकतो?

आत बसलेल्यांना तो चांगलं वाचवतो. धोका जास्त आहे तो समोरच्या हलक्या गाडीला. अमेरिकेत रिव्हियन आर१टी या इलेक्ट्रिक पिकअपला आयआयएचएस या गाड्यांच्या धडक-चाचण्या घेणाऱ्या संस्थेचं ‘टॉप सेफ्टी पिक प्लस’ हे सर्वोच्च सुरक्षा मानांकन मिळालेलं आहे. बॅटरी फरशीखाली असल्यामुळे गुरुत्वमध्य खाली राहतो आणि गाडी सहसा उलटत नाही. खरी अडचण वजनाची. हमर ईव्ही ४,००० किलोंच्या वर जाते, त्यात बॅटरीच १,३०० किलोंच्या आसपास. नेब्रास्का विद्यापीठाच्या चाचणीत साधारण ३,२०० किलोंचा आर१टी ताशी सुमारे १०० किमी वेगाने रस्त्याकडेच्या लोखंडी कठड्यावर सोडला, तर तो कठडा फाडून फारसा न मंदावता पुढे गेला आणि मागच्या काँक्रीटच्या भिंतीवर आदळला. हे कठडे एवढ्या वजनासाठी बनलेलेच नाहीत, आणि ही गोष्ट गंभीरपणे घ्यायला हवी.

एक मात्र लक्षात ठेवा: बॅटरीच्या पेटीला मार बसला असेल तर आग लगेच लागेलच असं नाही, काही तासांनी, कधी दिवसांनीही ती भडकते, विझवलेली पुन्हा पेटते. म्हणून ठोकलेली गाडी इतर वाहनांपासून आणि इमारतीपासून किमान १५ मीटर लांब, उघड्यावर ठेवा.