स्पिरिट चोळू नका, कूस बदला: वृद्धांच्या शुश्रूषेविषयी वाचकांचे प्रश्न

सासरे (वय ८१) खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळून आहेत. माकडहाडावर लालसर डाग दिसतोय. शेजारच्या काकू म्हणतात, स्पिरिट चोळून पावडर लाव. लावू का? (एक सून, कसबा बावडा)

नको. म्हातारपणी कातडी आधीच पातळ झालेली असते. स्पिरिटनं ती कोरडी पडते आणि लाल जागी चोळलं की आतून आणखी दुखावते. काकूंना दोष देऊ नका, इस्पितळांतसुद्धा वर्षानुवर्षं असंच चाले. इंग्लंडमध्ये डोरीन नॉर्टन या नर्सनं वृद्ध रुग्णांवर सहकाऱ्यांसह संशोधन केलं, ते १९६२ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातून दिसलं ते असं की, वरून काय लावता याला फारसा अर्थ नाही; दाब हटतो का, याला आहे. बेडसोअरचा (एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेचा) धोका मोजायला तिनं केलेली पाच मुद्द्यांची गुणमोजणी आम्ही आजही नर्सिंगच्या विद्यार्थिनींना शिकवतो.

डागावर बोट दाबून सोडा. जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली, तर अजून वेळ आहे. तशीच लाल राहिली, तर बेडसोअरची सुरुवात झाली समजा. सावळ्या अंगावर लाली चटकन दिसत नाही. तिथे आसपासच्या कातडीपेक्षा जागा गरम, टणक किंवा दुखरी लागते का, ते हातानं बघा.

साधारण दर दोन तासांनी कूस बदला, रात्रीचं वेळापत्रक डॉक्टरांशी बोलून ठरवा. पूर्ण कुशीवर नको. पाठीमागे उशी देऊन थोडं तिरपं ठेवा. पिंढरीखाली उशी घालून टाचा अधांतरी ठेवा. मोडलेल्या बाजूचा पाय कसा ठेवायचा, हे हाडांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हलवाहलवी करू नका. वर सरकवताना ओढू नका, दोघांनी चादरीसकट उचला. हवेची गोल रिंग घेतली असेल तर काढून टाका, तिच्या कडेनंच रक्तपुरवठा अडतो. एअर मॅट्रेस चांगली, पण ती आणली म्हणून कूस बदलणं चुकत नाही (दुकानदार हे सांगत नाही). फोड आला, जागा काळी पडली किंवा वास येऊ लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आई (७६) परवापर्यंत मंडईतून भाजी आणत होती. आता संध्याकाळ झाली की मला ओळखत नाही, भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणते. पाहुणे म्हणतात, वयच झालंय. (मंगळवार पेठ)

वय दोन दिवसांत होत नाही. स्मृतिभ्रंश बहुतेक वेळा महिन्या-महिन्यांनी वाढत जातो. एकाएकी आलेला गोंधळ म्हणजे बहुधा डेलिरियम, आणि त्यामागे शरीरातला काहीतरी बिघाड असतो. लघवीचं इन्फेक्शन, न्यूमोनिया, सोडियम किंवा साखर घसरणं, तुंबलेली लघवी, साधी बद्धकोष्ठता, नवी झोपेची गोळी, यांपैकी काहीही. म्हाताऱ्या माणसाला इन्फेक्शनमध्ये ताप येतोच असं नाही. आजच दवाखान्यात न्या, सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात) किंवा जवळ असेल तिथे. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्यांसकट सगळी औषधं पिशवीत घ्या. अलीकडे आई कुठे पडल्या होत्या का, तेही सांगा.

टेरी फुल्मर या अमेरिकन नर्स-संशोधिकेनं वृद्धांमध्ये लक्ष ठेवायच्या सहा गोष्टी ठरवून दिल्यात: झोप, खाणं, लघवी-शौचावरचा ताबा, गोंधळ, पडणं आणि कातडी. यातलं काहीही नव्यानं बिघडलं की चौकशी करायची. घरी चष्मा डोळ्यांवर असू द्या, दिवा लावून ठेवा आणि मुंग्या नाहीत म्हणून वाद घालू नका.

वडिलांचं वय ७४, बीपी आहे. तांबडा-पांढरा बंद करू का? (राजारामपुरी)

कोल्हापुरात हा प्रश्न विचारायला धाडस लागतं! रश्श्यातलं मीठ आणि कट कमी करा, मटणाचे मऊ तुकडे मात्र वाढा. या वयात स्नायू झडतात, त्यामुळे प्रथिनं लागतात. नुसत्या रश्श्यानं ती मिळत नाहीत. किडनीचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टर ठरवतील.

सासूबाईंचं सगळं चार वर्षं मीच करते. हल्ली त्यांच्यावर ओरडते, मग रात्रभर झोप लागत नाही. दीर पुण्यात, फोनवर सल्ले देतात. (नाव नको)

तुमच्या थकव्याचाही अभ्यास होतो. सांभाळणाऱ्याच्या अंगावर किती भार पडतोय, हे मोजायची प्रश्नावली स्टीव्हन झारिट आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्येच मांडली. ओरडणं म्हणजे तुम्ही वाईट आहात असं नव्हे, पण ते वाढत असेल तर मदत आणायची वेळ झाली आहे. हात उगारावासा वाटला तर खोलीबाहेर या, दुसऱ्या कुणाला तरी आत पाठवा. झोप उडाली आहे, ते डॉक्टरांना स्वतःसाठी सांगा, सासूबाईंच्या तपासणीच्या शेवटी उभ्या-उभ्या नव्हे.

ब्यूरोची मावशी ठेवायची तर आंघोळ, भरवणं, कूस बदलणं तिच्याकडे द्या. नळी घालणं, इंजेक्शन ही कामं महाराष्ट्र नर्सिंग परिषदेत नोंदणी असलेल्या नर्सकडूनच करून घ्या. आठवड्यातली एक दुपार पूर्ण तुमची ठेवा. आणि दिरांना सल्ल्याऐवजी मावशीच्या पगारातला वाटा मागा, पहिल्या महिन्यापासूनच.