अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये जर्सीवर ६, ७, ८, ९ हे आकडे का दिसत नसत? आणि एकदा रिटायर केलेला, म्हणजे एखाद्या खेळाडूच्या मानासाठी बंद केलेला नंबर पुन्हा कुणालाच मिळत नाही का?

माझ्या अंगावरची सात नंबरची जर्सी एकदा काचेच्या पेटीत गेली होती. त्यामुळे हा प्रश्न वाचून नुसतं पुढे जाणं मला जमणार नाही. उत्तर लांबणार आहे, आधीच सांगते.

पहिला भाग सोपा, तो उरकून टाकते. फाउल झाला की रेफरी टेबलाकडे वळून खेळाडूचा नंबर बोटांनी दाखवतो. एका हाताला बोटं पाच. तेवीस म्हणजे एका हाताची दोन, दुसऱ्याची तीन. सहा दाखवायचे तर पाच आणि एक लागणार, आणि टेबलावरचा माणूस ते ५१ धरणार, नाहीतर १५. म्हणून तिथे नियमच होता की जर्सीवरचा कुठलाही आकडा पाचाच्या वर नको. ० किंवा ००, १ ते ५, १० ते १५, २० ते २५, असं करत ५५ पर्यंत. मोजून ३७ नंबर. ० आणि ०० एका संघात एकत्र चालत नाहीत, म्हणून प्रत्यक्षात ३६. एनसीएएने, म्हणजे तिथल्या कॉलेज-खेळांच्या संघटनेने, ही अट २०२३-२४ च्या हंगामापासून काढून टाकली, आता ० ते ९९ काहीही चालतं. त्यामुळे हल्लीच्या मॅचमध्ये तुम्हाला सात-आठ दिसतीलही. (बिल रसेल सॅन फ्रान्सिस्कोला कॉलेजात ६ घालायचा हे काढू नका. ती १९५० च्या दशकातली गोष्ट, तेव्हा ही अट नव्हती.)

आपल्याकडची गंमत याच्या बरोबर उलटी. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या नियमाने आपण ४ ते १५ नंबर घालायचो. एक, दोन, तीन ही बोटं रेफरीला गुणांसाठी लागतात, म्हणून ते नंबर नकोत. पण सहा-सात-आठला काही अडचण नव्हती, कारण आपले रेफरी दोन्ही हात एकदम वर करून दाखवायचे. सात म्हणजे एक पंजा पूर्ण आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं. अकराच्या पुढे एका हाताची मूठ म्हणजे दहा आणि दुसऱ्या हाताची बोटं. फिबाने ही ४ ते १५ ची चौकट २०१४ साली मोडली. पण माझी गोष्ट २००४ ची आहे.

आता ४ ते १५ म्हणजे किती नंबर? बारा. संघात खेळाडू किती? बारा. हे डोक्यात ठेवा.

आमचं कॉलेज पश्चिम महाराष्ट्रातलं, नाव सांगत नाही. सिमेंटचं कोर्ट, एका बाजूच्या रिंगला जाळी नाही, आणि अख्ख्या जिमखान्यात जर्सीचा एकच सेट. मरून रंगाचा, पॉलिस्टरचा, जो घाम शोषायचा नाही आणि धुतला तरी वास सोडायचा नाही. मुलांच्या मॅच आधी असायच्या. त्या झाल्या की तो सेट धुऊन आमच्याकडे यायचा, खांद्यावरून घसरू नये म्हणून आम्ही आतून सेफ्टी पिना लावायचो. मी तीन वर्षं सात घातला. का? पहिल्या वर्षी पिशवीत हात घातला तेव्हा तोच हाताला लागला, दुसरं काही कारण नाही. पण तीन वर्षांत तो माझा झाला.

मुलांच्या संघात आमच्या संस्थेच्या चेअरमनसाहेबांचा पुतण्या होता. तोही सातच घालायचा. बरा खेळायचा, खोटं कशाला बोलू. शेवटचं वर्ष झालं आणि तो ऑस्ट्रेलियाला शिकायला निघाला. घरच्यांनी कॉलेजला रिंगमागचे दोन नवे अ‍ॅक्रिलिकचे बोर्ड दिले. आमच्या जिमखान्याच्या सरांनी कुठेतरी टीव्हीवर रिटायर नंबरचा सोहळा पाहिला होता. झालं. गॅदरिंगच्या दिवशी स्टेजवर शाल, श्रीफळ आणि काचेच्या पेटीत सात नंबर. यापुढे आपल्या कॉलेजात हा नंबर कुणी घालणार नाही, असं सरांनी माइकवरून जाहीर केलं. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. माझ्या डोक्यात तेव्हा उजेडच पडला नाही की त्या पेटीत माझीही जर्सी आहे.

उजेड पडला तो तीन आठवड्यांनी, झोनल स्पर्धेच्या आदल्या दिवशी. मुलांना एका दुकानदाराने नवा सेट दिला होता, त्यांचं भागलं. जुना सेट कायमचा आमच्याकडे आला, अकरा जर्सींचा. आम्ही बारा जणी. सर म्हणाले, तुमचं तुम्ही बघा. आमची कॅप्टन, तिला सगळ्या ताईच म्हणायचो, तिने एका वाक्यात निकाल लावला: "तुझाच नंबर गेलाय ना? मग तूच बस." मी म्हटलं, ताई, नंबर गेलाय, मी कुठे गेलेय? पंधरा नंबरची पोरगी अजून लेअप शिकत होती, तिने दिली असती जर्सी, देतेय म्हणाली पण. ताई म्हणाली, ऐन वेळेला अदलाबदल नको, अपशकुन होतो.

मी तरीही गेले. घरातला मरून टी-शर्ट घेतला आणि पुढे-मागे पांढऱ्या चिकटपट्टीने सात काढला. एसटीत बसून काढला म्हणून मागचा जरा वाकडा आला. टेबलावरच्या गृहस्थांनी एकदा माझ्याकडे, एकदा चिकटपट्टीकडे पाहिलं आणि म्हणाले, बाळ, हे चालत नाही, सेट एकसारखा लागतो. त्यांचं बरोबर होतं, त्यांच्यावर माझा काडीचा राग नाही. उलट त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं आणि स्कोअरशीट कशी भरतात ते दाखवलं. समोरच्या संघात सात नंबरची एक उंच मुलगी होती, तिने चार फाउल केले. चार वेळा रेफरीने आमच्याकडे वळून एक पंजा आणि दोन बोटं दाखवली. आपला संघ फाउलबद्दल मिळणारे फ्री थ्रो घालवतोय आणि आपण दुसऱ्याच कुणाचा सात लिहितोय, हे कसं वाटतं ते सांगता येत नाही. आमच्या पोरींनी नऊ फ्री थ्रो घालवले आणि आम्ही चार गुणांनी हरलो. संघात फ्री थ्रो बरे कुणाचे होते, ते मी सांगणार नाही.

पुढे मी शिकायला नॉर्थ कॅरोलिनात आले आणि इथलीच झाले. कॉलेज बास्केटबॉल म्हणजे इथे धर्म आहे, आणि त्याची दोन देवळं अर्ध्या तासाच्या अंतरावर आहेत, चॅपल हिलला युएनसी (नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ) आणि डरमला ड्यूक विद्यापीठ. आमच्या जुन्या टीमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. ताई दरवर्षी त्यावर त्या काचेच्या पेटीचा फोटो टाकते, खाली हात जोडलेले. एकदा मी बोलले तर तिचं उत्तर आलं: "अमेरिकेत करतात ती परंपरा, आणि आपण केलं की लगेच चमचेगिरी? तुझ्या त्या ड्यूकने तर तेरा नंबर रिटायर केलेत."

केलेत ना. तेराच केलेत. जुन्या नियमाच्या ३६ मधून १३ गेले तरी २३ उरतात, आणि संघ असतो पंधराच्या आसपास. आमच्याकडे बारातून एक गेला, उरले अकरा, आणि पोरी बारा. ही वजाबाकी ताईला वीस वर्षांत जमलेली नाही, आणि ती गणित शिकवते.

दुसरं म्हणजे ड्यूकमध्ये नुसतं चांगलं खेळून भागत नाही, पदवी पूर्ण करावी लागते. एल्टन ब्रँड १९९९ साली देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला, पण दोन वर्षांत एनबीएत, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये गेला, त्याचा ४२ रिटायर झाला नाही. जे विल्यम्सने तीन वर्षांत पदवी उरकली, त्याचा २२ झाला. युएनसीत तर दोन पायऱ्या आहेत. चांगल्या खेळाडूची जर्सी छताला टांगतात, पण नंबर चालू राहतो. व्हिन्स कार्टरची १५ नंबरची जर्सी वर आहे आणि १५ नंबर खाली पोरं घालतात. नंबर कायमचा बंद फक्त त्याचा, ज्याला देशातला त्या वर्षीचा सर्वोत्तम म्हणून मान्यता मिळाली. असे आजवर आठच जण, मायकेल जॉर्डनचा २३, जेम्स वर्दीचा ५२, टायलर हान्सब्रोचा ५० वगैरे. त्या आठांतल्या जॅक कॉबला तर नंबरच नव्हता, तो १९२० च्या दशकातला. केंटकी विद्यापीठाचं मला सगळ्यात पटतं. तिथे जर्सीचा मान करतात, नंबर कुणाचाच बंद करत नाहीत.

आता तुमचा दुसरा प्रश्न. मिळतो. कधीकधी. ज्याचा नंबर आहे त्याने मोठं मन केलं तर. युसीएलएमध्ये, म्हणजे लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात, ४२ हा वॉल्ट हॅझर्डचा, १९६४ च्या विजेत्या संघातला. २००७ मध्ये केव्हिन लव्ह तिथे आला, त्यालाही ४२ च हवा होता. हॅझर्डने परवानगी दिली, आणि लव्ह ४२ घालून खेळला. बस, एवढंच करायचं असतं. कुणी ऑस्ट्रेलियाला एक फोन केला असता तर तो पुतण्याही हो म्हणाला असता, याची मला खात्री आहे. नंतर कुणाकडून तरी कळलं की सगळा प्रकार ऐकून तो बिचारा ओशाळला होता. त्याच्यावर राग नाही, हे आधीच लिहायला हवं होतं.

माझा रिटायर करण्यालाच विरोध आहे असंही समजू नका. लॉयोला मेरीमाउंट विद्यापीठाचा हँक गॅदर्स ४ मार्च १९९० ला मॅच चालू असताना कोर्टवर कोसळला आणि गेला. तो फ्री थ्रो डाव्या हाताने टाकायचा. त्याचा बालमित्र बो किंबल उजव्या हाताचा, पण पुढच्या स्पर्धेत प्रत्येक मॅचमधला आपला पहिला फ्री थ्रो त्याने डाव्या हाताने टाकला. तिथे त्याचा ४४ कुणी घालू नये, हे मला मान्य आहे. दोन अ‍ॅक्रिलिकच्या बोर्डांसाठी मान्य नाही.

नंबर निवडतात कसे, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण त्याशिवाय उत्तर अर्धं वाटेल. जन्मतारीख, भावंडं, आणि जे शिल्लक असेल ते. आयोवा विद्यापीठाच्या केटलिन क्लार्कचा वाढदिवस २२ जानेवारी, नंबर २२. आयोवाने तो २ फेब्रुवारी २०२५ ला रिटायर केला, आणि ३,९५१ गुण करणाऱ्या मुलीबद्दल माझं काही म्हणणं नाही. जॉर्डनचा थोरला भाऊ ४५ घालायचा. याला वाटलं, आपण निदान त्याच्या निम्मे तरी व्हावं. साडेबावीस मिळत नाही, म्हणून २३. १९७९ च्या कॉलेज फायनलला लॅरी बर्ड आणि मॅजिक जॉन्सन दोघंही ३३ घालून समोरासमोर होते. मॅजिकचा संघ ७५-६४ जिंकला आणि तो एनबीएतल्या लेकर्स संघात गेला, तर तिथे ३३ करीम अब्दुल-जब्बारचा. मॅजिकने मुकाट ३२ घेतला. म्हणजे अदलाबदल केली की अपशकुन होतो, या सिद्धांताचं काय झालं, ताई?

एक कबूल करते. मी खेळले असते तरी आम्ही बहुधा हरलोच असतो. समोरच्या संघात दोघी स्टेट खेळलेल्या होत्या.

माझ्या मुलीने शाळेच्या संघात नाव दिलं तेव्हा तिला सात हवा होता, माझा म्हणून. तिच्या शाळेतही पाचाच्या वर आकडा चालत नव्हता. दोन दिवस गाल फुगवून बसली, मग म्हणाली, ५२ घेते, बेरीज सातच होते. मी म्हटलं घे, युएनसीत वर्दीचाही ५२ च होता. पालकांपैकी कुणाला स्कोअर लिहिता येतो का म्हणून विचारलं, तर मी हात वर केला. पहिल्याच मॅचला दुसऱ्या मिनिटाला तिने फाउल केला. रेफरी टेबलाकडे वळला. एक पंजा पूर्ण, दुसऱ्या हाताची दोन बोटं.

मी ७ लिहिला. शेजारच्या बाईंनी कोपराने ढोसलं, तेव्हा खोडून ५२ केला.

ती शीट मी घरी आणलीय. ग्रुपवर फोटो टाकायचा विचार आहे, पेटीच्या फोटोखाली.