उलटवलेल्या दुरुस्तीबद्दल

प्रिय मित्रा,

विकिपीडिया या ज्ञानकोशातल्या विमानाच्या पंखाच्या लेखात तू केलेली दुरुस्ती तासाभरात उलटवली गेली, म्हणजे कुणीतरी ती रद्द करून जुना मजकूर परत आणला, म्हणून तू चिडला आहेस. भौतिकशास्त्र तुझ्याच बाजूने आहे. ‘पंखाच्या वरची आणि खालची हवा मागच्या कडेला एकाच वेळी पोचायला हवी, म्हणून वरची हवा जास्त वेगाने जाते’ हे विधान चूकच आहे. हवेवर तशी सक्ती कुणी केलेली नाही. उचल (विमानाला वर ढकलणारं बल) देणाऱ्या पंखाच्या वरून जाणारी हवा खालच्या हवेच्या आधीच मागे पोचते. वरखाली सारख्या आकाराचे पंखही विमानाला उचलतात, आणि कसरतीची विमानं उलटी होऊनही उडतात.

पण तू केलंस काय? वाक्य पुसलंस, त्या जागी स्वतः मांडलेलं गणित घातलंस आणि बदलाच्या सारांशात लिहिलंस, ‘चूक होती’. उलटवणाऱ्याला काय दिसलं असेल? एका अनोळखी माणसाने पाठ्यपुस्तकाचा संदर्भ असलेलं वाक्य काढून बिनसंदर्भाचा मजकूर टाकला. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

विकिपीडियावर स्वतःचं संशोधन चालत नाही, या नियमाचं मूळ तुझ्याच विषयात आहे. इंटरनेटवरच्या भौतिकशास्त्रातल्या विक्षिप्त सिद्धांतकारांना आवर घालायला तो आला, असं विकिपीडियाचे सहसंस्थापक जिमी वेल्स यांनीच सांगितलेलं आहे. तुझं गणित बरोबर आहे, पण आइन्स्टाइनला खोटं ठरवणाराही तितक्याच आत्मविश्वासाने चार समीकरणं मांडतो. नजर ठेवणारा स्वयंसेवक प्रत्येक वेळी ती सोडवून पाहू शकत नाही.

तुझा खरा प्रश्न वेगळा आहे: पाठ्यपुस्तकच चुकलं असेल तर? इथे मेहनत आहे आणि मला ती आवडते. नुसतं बरोबर स्पष्टीकरण देणारं पुस्तक पुरत नाही. हीच समजूत घेऊन ती चूक का, हे सांगणारा स्रोत शोधावा लागतो. नासाच्या ग्लेन संशोधन केंद्राच्या शैक्षणिक पानांवर उचल-बलाचे चुकीचे सिद्धांत एकेक करून खोडलेले आहेत. त्यात हाही आहे. सोबत वायुगतिकीचं (हवेच्या प्रवाहाच्या शास्त्राचं) पदवीच्या पातळीचं एखादं पुस्तक दे, पान क्रमांकासकट. आणि ते वाक्य पूर्ण पुसू नकोस. शाळेत तेच शिकून आलेलं पोर लेखात ते शोधणारच. इंग्रजी विकिपीडियावरच्या उचल-बलाच्या लेखात ही समजूत ‘चुकीची’ असं सांगून मांडलेली आहे, तसंच कर. एक जपून: या भरात, प्रवाहाचा वेग वाढला की दाब घटतो असं सांगणाऱ्या बर्नोलीला गुन्हेगार ठरवू नकोस. त्याचं समीकरण ठीक आहे. फक्त वरची हवा वेगाने का जाते याचं दिलेलं कारण खोटं आहे.

आता रीत. आधी पानाचा इतिहास उघडून ते वाक्य कधी, कुणी आणलं ते पाहा. मग चर्चा पानावर लिही: ‘समान वेळेचा दावा चुकीचा आहे, हे दोन संदर्भ, नवा मजकूर असा सुचवतो.’ चारआठ दिवस थांब. कुणी बोललं नाही तर भौतिकशास्त्राच्या विकिप्रकल्पावर निरोप ठेव. तिथे या विषयातली माणसं असतात. पुन्हा पुन्हा उलटवत बसू नकोस. इंग्रजी विकिपीडियावर एकाच पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलंस तर बंदी येऊ शकते, मग तू बरोबर असलास तरी.

वाद लांबले तरी घाबरू नकोस. 0.999… म्हणजे बरोबर 1, हे गणितात केव्हाच सिद्ध झालेलं. तरी त्या इंग्रजी लेखाच्या चर्चा पानाला वाद घालण्यासाठी वेगळं उपपान काढावं लागलं. लेख मात्र त्यामुळे सुधारत गेला, कारण लोक नेमके कुठे अडखळतात ते लिहिणाऱ्यांना कळलं.

मराठीतली अडचण उलटी आहे. मराठी विकिपीडिया 2003 पासून आहे, पण भौतिकशास्त्राचे लेख तपासणारे हात थोडे. तिथे तुझी दुरुस्ती कदाचित कुणी उलटवणार नाही, आणि तुझी चूकही कुणी पकडणार नाही. सूत्रातलं एक वजाचिन्ह गळलं तर वर्षानुवर्षं तसंच राहील आणि मुलं तेच वहीत उतरवतील. म्हणून एकट्याने करू नकोस. वर्गातली दोन मुलं जोडून घे; एकाने लिहायचं, दुसऱ्याने सूत्र आणि एककं तपासायची, तिसऱ्याने संदर्भ उघडून खरंच तसं लिहिलंय का ते बघायचं.

सुरुवात मोजमापाच्या एककांपासून करा. 20 मे 2019 पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावर (निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्यावर) आहे, तो 6.62607015 × 10⁻³⁴ जूल-सेकंद असा ठरवून टाकलाय. त्याआधी 1889 पासून फ्रान्समधला प्लॅटिनम-इरिडियमचा ठोकळा प्रमाण होता. तो अजूनही प्रमाण आहे असं कुठे लिहिलेलं आढळलं, तर ते बदला. अँपिअर, केल्व्हिन आणि मोल यांच्या व्याख्याही त्याच दिवशी बदलल्या, तेही लेख बघा.

पंखाच्या लेखासाठी चर्चा पानावरचा मजकूर आधी धूळपाटीवर (विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर) लिही आणि मला दुवा पाठव. मी वाचून कळवते.

तुझी,
मॅडम