यकृताच्या स्पेक्ट-सीटीत 'श्वास रोखू नका' असं का सांगतात? (मिरजेत वडिलांचा स्कॅन झाला, त्यावरून प्रश्न)

बरोबरच सांगितलं. स्पेक्ट-सीटी म्हणजे दोन स्कॅन एकत्र: स्पेक्ट शरीरात दिलेल्या किरणोत्सारी औषधाचे किरण टिपतं, सीटी एक्स-रेनं आतली रचना दाखवतं. साध्या श्वासातही यकृत १-२ सेंटीमीटर खाली-वर होतं. स्पेक्ट १५-२० मिनिटं चालतं, म्हणजे दोन-तीनशे श्वासांची सरमिसळ. सीटी मात्र काही सेकंदांत उरकतं. छाती भरून श्वास रोखला, तर यकृताचा माथा खाली सरकतो आणि त्या जागी सीटीला फुप्फुस दिसतं. औषधाचे किरण शरीरातून बाहेर येताना किती घटतात, हे सीटीवरूनच ठरवतात; फुप्फुसात हवा असल्यानं ही घट कमी धरली जाते, नि नेमका यकृताच्या वरच्या भागाला मिळालेला किरणांचा डोस कमी मोजला जातो.

२ सेंटीमीटरच्या गाठीची अडचण वेगळीच. तिचे किरण आजूबाजूला पसरल्यासारखे दिसतात. गाठीचा डोस कमी, शेजारच्या निरोगी भागाचा जास्त भासतो. पोटाला पट्टा बांधून श्वासाच्या एकाच टप्प्यातली मोजणी घेता येते, पण चित्र दाणेदार येतं नि स्कॅन लांबतो.