‘आधी मोबाइल नंबर सांगा’: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

वैयक्तिक माहितीच्या खरेदी-विक्रीबद्दल बरीच पत्रं आली. त्यांतली पाच इथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : कपड्यांच्या दुकानात काउंटरवर आधी नंबर मागतात. ‘नंबर टाकल्याशिवाय बिल निघत नाही’ म्हणतात. मागे रांग असते, म्हणून सांगून टाकते. मग आठवडाभर फ्लॅटच्या स्कीमचे फोन. नाही म्हणता येतं का? (वाचिका, नाशिक)

उत्तर : येतं. बिलासाठी मोबाइल नंबर द्यायलाच हवा असा कुठलाही कायदा नाही. ग्राहकाच्या इच्छेविरुद्ध दुकानदारांनी नंबरचा आग्रह धरू नये, असं केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयाने मे 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. ‘नंबर द्यायचा नाही, छापील बिल द्या’ एवढंच म्हणा. मशीन खरंच अडत असेल, तर ती त्यांच्या सॉफ्टवेअरची सोय आहे. कॅशियर त्या रकान्यात दुकानाचाच नंबर टाकू शकतो. तरीही अडवलं, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

पॉइंटसाठी किंवा कूपनसाठी ओटीपी मागितला, तर तो सांगण्याआधी मेसेज पूर्ण वाचा. जाहिरातीला आणि ‘सहयोगी कंपन्यांना’ माहिती देण्याला संमती दिल्याची नोंद त्या चार अंकांनी होत असू शकते.

ईमेल द्यावाच लागला, तर जीमेलची एक सोय वापरा. पत्त्यातल्या @ च्या आधी अधिकचं चिन्ह आणि दुकानाची खूण टाका. मेल तुमच्याच खात्यात येतो. उद्या त्याच खुणेच्या पत्त्यावर भलत्याच कंपनीची जाहिरात आली, तर पाणी कुठून मुरलं ते कळतं.

आता येणाऱ्या फोनांचं. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या डीएनडी (नको असलेले कॉल रोखण्याच्या) अ‍ॅपवर किंवा 1909 वर नोंदणी करा. नोंदणीकृत जाहिरातीचे कॉल 140 ने सुरू होतात, बँका आणि विमा कंपन्यांचे सेवेचे कॉल 1600 ने. साध्या दहा आकडी नंबरवरून कुणी काही विकत असेल, तर सात दिवसांच्या आत त्याच अ‍ॅपवर तक्रार करा. नुसतं ब्लॉक केलं, तर तो नंबर तुमच्यापुरता बंद होतो आणि दुसऱ्यांना फोन चालूच राहतात.

प्रश्न : माझे अकरावी-बारावीचे क्लास आहेत. चार वर्षांच्या विद्यार्थ्यांची यादी एक्सेलमध्ये आहे. एका एजंटने ती विकत मागितली. ‘नावं काढून द्या, मग कुणाला काही कळत नाही’ असं तो म्हणतो. चालेल का? आणि यादी सुरक्षित कशी ठेवायची? (क्लासचालक, कोल्हापूर)

उत्तर : देऊ नका. तुमचे बहुतेक विद्यार्थी 18 वर्षांखालचे आहेत. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मुलांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांना लक्ष्य करून जाहिरात करायला मनाई आहे. दंडाची कमाल मर्यादा 200 कोटी रुपये. या तरतुदी मे 2027 मध्ये लागू होतील. पण पालकांनी नंबर दिला तो हजेरी आणि फी कळवण्यासाठी. तो तुमच्या मालकीचा माल नव्हे, हे समजायला तोपर्यंत थांबायची गरज नाही.

‘नावं काढून’ ही तर निव्वळ धूळफेक आहे. अमेरिकेत लटान्या स्वीनी या संशोधिकेने 1990 च्या जनगणनेवरून दाखवलं, की पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग या तीनच गोष्टींवरून तिथल्या सुमारे 87 टक्के लोकांना एकमेवपणे ओळखता येऊ शकतं. तुमच्या यादीत पिनकोड, जन्मतारीख, शाळा आणि दहावीचे गुण आहेत. एका गल्लीत एकाच तारखेला जन्मलेली, त्याच शाळेतली मुलं किती असणार? शिवाय एजंटला फोन करायचे आहेत, म्हणजे नंबरचा रकाना तो ठेवणारच.

आमच्या मते सगळ्यात मोठा धोका पुढचा आहे. विकणाऱ्याने आपला संगणक कितीही कडेकोट ठेवला, तरी घेणारा कोण, हे त्याच्या हातात राहत नाही. चॉइसपॉइंट ही अमेरिकेतली माहिती विकणारी मोठी कंपनी. तिच्याकडे 2004 च्या सुमारास चोरांनी हॅकिंग केलंच नाही. खोट्या व्यवसायांच्या नावाने ते रीतसर ग्राहक झाले आणि पैसे मोजून माहिती घेऊन गेले. अर्जांवर कार्यालयाच्या पत्त्याऐवजी भाड्याच्या टपालपेट्या होत्या, ते सार्वजनिक ठिकाणांवरून फॅक्स केले होते, तरी कुणी हटकलं नाही. 1,63,000 हून जास्त लोकांची माहिती गेली. 2006 मध्ये कंपनीला 1 कोटी डॉलर दंड आणि लोकांच्या भरपाईसाठी 50 लाख डॉलर द्यावे लागले. कुलूप शाबूत होतं, किल्लीच विकली होती.

आता यादी जपायचं. आधी ती बारीक करा. आधारच्या झेरॉक्स आणि स्कॅन, आईवडिलांचं उत्पन्न, जात, घरचा पूर्ण पत्ता, यांतलं क्लासला रोज काय लागतं? जे लागत नाही तो रकाना काढून टाका. बारावीचा निकाल लागून वर्ष झालेल्या तुकडीचे नंबर पुसा. हिशेबाच्या पावत्या वेगळ्या फाइलमध्ये राहू द्या.

मग फाइलला पासवर्ड घाला. इथे हमखास गफलत होते. एक्सेलमधलं ‘प्रोटेक्ट शीट’ हे कुलूप नव्हे, त्याने फक्त रकान्यांत बदल करता येत नाही. फाइल, इन्फो, प्रोटेक्ट वर्कबुक, एन्क्रिप्ट विथ पासवर्ड, या वाटेने जा. म्हणजे पासवर्डशिवाय फाइल उघडणारच नाही. फाइल मेलने पाठवली, तर पासवर्ड फोनवर सांगा. ड्राइव्हवर ठेवली असेल, तर ‘लिंक असलेला कुणीही’ हा पर्याय बंद आहे ना ते आज पाहा. सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचं लॉगिन त्याच दिवशी काढा. आणि ती फाइल शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका, कारण ती प्रत्येकाच्या फोनमध्ये उतरते आणि बॅकअपमध्येही जाते.

यादीच्या धंद्यात चालणारी एक युक्ती तुम्हीही वापरू शकता. यादीत दोन काल्पनिक विद्यार्थी घाला आणि त्यांच्यापुढे तुमच्याकडचे, दुसरीकडे कुठेही न दिलेले नंबर लिहा. ‘अ‍ॅडमिशन हवी का’ म्हणत त्या नावाने फोन आला, की यादी बाहेर गेली हे नक्की. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या प्रतीत वेगळं नाव ठेवलंत, तर कुणाची प्रत गेली तेही कळेल.

प्रश्न : अ‍ॅपवरून कर्ज घेतलं, फेडलं, अ‍ॅप काढून टाकलं. तरी नव्या कर्जाचे फोन येतात. ‘माहिती पुसा’ म्हटलं, तर ‘सुरक्षेसाठी ठेवावी लागते’ म्हणतात. (वाचक, ठाणे)

उत्तर : त्यांचं म्हणणं निम्मं खरं आहे. मनी लाँडरिंग (काळा पैसा पांढरा करणं) रोखण्याच्या कायद्यानुसार ग्राहकाच्या ओळखीची कागदपत्रं संबंध संपल्यावर पाच वर्षं ठेवावी लागतात, आणि ते योग्यच आहे. नाहीतर तुमच्या नावावर दुसऱ्याने कर्ज उचललं, तर शोधायला पुरावाच उरणार नाही. पण पुराव्यासाठी ठेवलेला नंबर विक्रीसाठी फिरवायची परवानगी त्यातून मिळत नाही. म्हणून ‘सगळं पुसा’ असं लिहू नका, तिथेच ते तुम्हाला नियम दाखवून परत पाठवतात. तक्रार अधिकाऱ्याला मेलवर तीन गोष्टी लिहा : जाहिरातीची संमती मागे घेतो आहे, माझी माहिती आजवर कुणाकुणाला दिली ते कळवा, आणि कायद्याने ठेवावी लागते तेवढी सोडून बाकी पुसा. कर्ज देणारी कंपनी रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतली असेल आणि 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार नोंदवता येते.

अ‍ॅप काढलं म्हणजे खातं बंद होत नाही. आधी अ‍ॅपमधून खातं बंद करा, कर्ज फिटल्याचा दाखला उतरवून घ्या, मग अ‍ॅप काढा. कर्जाच्या अ‍ॅपने संपर्कयादी, कॉलची नोंद किंवा फोटो मागू नयेत असा रिझर्व्ह बँकेचा 2022 पासूनचा नियम आहे. कॅमेरा, मायक्रोफोन आणि लोकेशन ओळख पटवण्यापुरतं एकदाच मागता येतं. संपर्कयादी मागणारं अ‍ॅप तिथेच बंद करा. वसुलीसाठी नातेवाइकांना फोन जातात ते याच यादीवरून.

सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या लोकांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. त्यातलं ‘एन्क्वायरी’चं पान पाहा. तुम्ही अर्जच केला नाही अशा कंपनीचं नाव तिथे दिसलं, तर लगेच हरकत नोंदवा. 30 दिवसांत निवारण झालं नाही, तर पुढे दिवसाला 100 रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे.

प्रश्न : मी सॅन होजेला राहते. इथल्या वेबसाइटवर माझा जुना-नवा पत्ता आणि नातेवाइकांची नावंसुद्धा विकायला असतात. (वाचिका, कॅलिफोर्निया)

उत्तर : तुमच्या राज्याने यावर चांगला उपाय काढला आहे. 2023 च्या डिलीट अ‍ॅक्टनुसार ‘ड्रॉप’ ही सरकारी सोय जानेवारी 2026 पासून सुरू आहे. तिथे रहिवासी असल्याची पडताळणी करून एकच अर्ज भरायचा, तो फुकट आहे. नोंदणीकृत माहिती-विक्रेत्यांनी ऑगस्ट 2026 पासून दर 45 दिवसांनी हे अर्ज तपासून माहिती पुसायची आहे. जुने पत्ते, जुने ईमेल आणि लग्नाआधीचं नावही भरा. नाहीतर जुन्या नावाची नोंद मागे राहते. तुम्ही स्वतः एखाद्या दुकानाला दिलेली माहिती, सरकारी सार्वजनिक नोंदी आणि क्रेडिट अहवाल यांना हे लागू नाही. क्रेडिट अहवालासाठी इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्हींकडे स्वतंत्रपणे ‘फ्रीझ’ लावा, म्हणजे तो अहवाल नव्या कर्जासाठी कुणाला पाहता येत नाही. 2018 पासून तेही फुकट आहे.

प्रश्न : सोसायटीच्या गेटवर रजिस्टर ठेवतो. एका पाहुण्याने नंबर लिहायला नकार दिला. सुरक्षा महत्त्वाची नाही का? (सचिव, डोंबिवली)

उत्तर : आहे, पण त्या उघड्या पानाने ती होत नाही. पानावरचे वरचे वीस नंबर पुढचा प्रत्येक माणूस वाचतो, आणि फोटो काढायला दोन सेकंद पुरतात. नंबर खरा आहे की खोटा, हे वॉचमन तपासतही नाही. त्यापेक्षा इंटरकॉमवर घरच्यांना विचारून सोडा. रजिस्टरमध्ये नाव, फ्लॅट, वेळ आणि वाहनाचा नंबर पुरेसा आहे. वरच्या ओळी झाकायला पुठ्ठा ठेवा. भरलेली रजिस्टरं कुलपात ठेवा, तीन महिन्यांनी फाडून टाका. रद्दीवाल्याला अख्खी देऊ नका.