मंडळीतले वडील रोज उशिरा येतात, त्यांना मेमो कसा देऊ?

मिशन शाळांच्या, म्हणजे ख्रिस्ती संस्थांच्या शाळांच्या, मुख्याध्यापकांकडून हा प्रश्न आमच्याकडे वेगवेगळ्या शब्दांत येतो. शाळेत जो माझ्या हाताखाली आहे, तो मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, 'वडील' (चर्चचा पुढारी) म्हणून माझ्याहून मोठा आहे; त्याला बोलायचे कसे? आणि बोललेच, तर ख्रिस्ती माणसाने करायची क्षमा कुठे गेली?

बीड जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापिका हीच चिंता घेऊन आल्या होत्या. (त्यांच्या संमतीने लिहीत आहोत, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) पदावर येऊन त्यांना दीड वर्ष झाले होते. दहावीला भूमिती शिकवणारे सर वयाने त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठे, पास्टोरेट कमिटीवर (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीवर), रविवारी उपासनेत वाचन करणारे. "लहानपणी संडे स्कूलमध्ये त्यांनीच मला शिकवलं. आता त्यांच्या हातात कागद देऊ?" हे सांगताना त्यांनी डायरी उघडून समोर ठेवली. पानावर एकाखाली एक चौदा तारखा होत्या आणि प्रत्येक तारखेपुढे एकच शब्द: 'बोलायचे'. एकाही तारखेपुढे 'बोलले' असे नव्हते.

ही गुंतागुंत मराठवाड्यात जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले, तेव्हापासून इथे देऊळ (चर्च) आणि शाळा एकाच अंगणात वाढत आल्या. त्यातून पुष्कळ भले झाले. पण एकाच माणसाला सोमवारी 'सर' आणि रविवारी 'वडील' म्हणणाऱ्या मुख्याध्यापकाची जीभ मधल्या सहा दिवसांत अडखळते, हेही खरे आहे.

बाईंनी काहीच केले नव्हते असे नाही. दोन उपाय करून झाले होते आणि दोन्ही उलटले होते. पहिला उपाय म्हणजे स्टाफ मीटिंगमध्ये सर्वांना उद्देशून सूचना: 'सर्वांनी वेळेवर यावे.' अशा सूचनेने रोज वेळेवर येणारे दुखावतात आणि ज्याच्यासाठी ती असते त्याला ती आपल्यासाठी आहे असे वाटतच नाही. दुसरा उपाय त्यांनी मान खाली घालून सांगितला. सकाळच्या शिक्षक-प्रार्थनेत त्यांनी मुद्दाम बायबलमधल्या नीतिसूत्रांचा सहावा अध्याय वाचला, 'अरे आळशा, मुंगीकडे जा.' सरांना ते बरोबर लागले. त्या दिवसापासून त्यांनी प्रार्थनेला येणे सोडले. आमचे मत इथे ठाम आहे: समोरासमोर बोलायची हिंमत होत नाही म्हणून वचनाचा दगड करून कुणाच्या दिशेने भिरकावू नये. माणूस दुखावतो आणि ते वचनही त्याच्यासाठी कायमचे कडू होते.

मग आम्ही एक प्रश्न विचारला. तुम्ही क्षमा करता म्हणता, ती कुणाच्या वतीने? उशिराचा त्रास बाईंना होता, पण तोटा दहावीच्या 48 मुलांचा होता. आपल्यावर झालेला अन्याय आपण पोटात घालू शकतो. मुलांच्या वाट्याची क्षमा परस्पर वाटून टाकायचा अधिकार मुख्याध्यापकाला नाही. यहेज्केलाच्या 34 व्या अध्यायात मेंढपाळांना जाब विचारला आहे तो कळपासाठी.

दुसरा प्रश्न जास्त बोचला. "या वर्षात उशिरासाठी कुणालाच लेखी ताकीद दिली नाही का?" बाई बराच वेळ गप्प राहिल्या. दिली होती. शिपायाला, जूनमध्ये, तीन दिवसांच्या उशिरासाठी. शिपाई मंडळीतला नव्हता. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि गरिबाला 'तिथे उभा राहा' असे जे लिहिले आहे, ते मिशन शाळेत असे घडते. शाळेतली बहुतेक मुले आणि निम्मा स्टाफ ख्रिस्ती नाही. आपल्या श्रद्धेची पारख ते परिपाठातल्या गाण्यावरून करत नाहीत, मस्टरवरून करतात. सरांशी बोलण्याआधी शिपायाशी बोलायचे, असे ठरले. बाईंनी त्यांना केबिनमध्ये बसवून सांगितले, "दादा, नियम बरोबर होता, पण मी तो तुमच्या एकट्यापुरताच वापरला. चूक माझी." ताकीद मागे घेतली नाही, कारण उशीर झालाच होता.

पुढे सगळ्याचा आधार झाला तो गलतीकरांस पत्राचा सहावा अध्याय. दुसऱ्या वचनात 'एकमेकांची ओझी वाहा' असे आहे आणि लगेच पाचव्यात 'प्रत्येकाने आपला भार वाहिलाच पाहिजे' असेही आहे. वरवर पाहता विरोध वाटतो. मूळ ग्रीकमध्ये शब्दच दोन आहेत. 'बारोस' म्हणजे माणूस दबून जाईल असे वजन. 'फोर्टिऑन' म्हणजे ज्याने त्याने आपल्या पाठीवर घ्यायचा बोजा. मुख्याध्यापकाचे काम हे दोन वेगळे करण्याचे आहे. ओझ्याला भार समजले तर निष्ठुरपणा होतो आणि भाराला ओझे समजले तर सगळी शाळा एका माणसाची बिगारी करत बसते.

पण वेगळे करायचे तर आधी मोजावे लागते. "सर नेहमीच उशिरा येतात" हे वाक्य बाईंना सोडायला लावले. 'नेहमीच' म्हटले की समोरचा एक वेळेवरचा दिवस दाखवतो आणि बोलणे तिथेच संपते. सलग 12 शाळेच्या दिवसांची नोंद ठेवायला सांगितली. स्वतः पाहिलेलीच, कुणी येऊन सांगितलेली नाही. मस्टरमध्ये सहीपुढे वेळेचा रकाना होता, पण तो कुणीच भरत नव्हते, बाईसुद्धा. पहिल्या दिवसापासून बाईंनी स्वतःची वेळ लिहायला सुरुवात केली. शिवाय दहावीच्या दहा वह्या मागवल्या, हाताला येतील तशा, हुशार मुलांच्या निवडून नव्हे, आणि शेवटची तपासणी किती तारखेची ते पाहिले. टाचण वही, म्हणजे पाठाच्या पूर्वतयारीची वही, पाहिली.

नोंद अशी निघाली. परिपाठ 10:30 ला, पहिला तास 10:45 ते 11:20. बारांपैकी सात दिवस सर 11:05 च्या सुमारास वर्गात गेले. दर वेळी 20 मिनिटे धरली तर 140 मिनिटे, म्हणजे 35 मिनिटांचे पूर्ण चार तास. दहापैकी आठ वह्या महिनाभर तपासलेल्या नव्हत्या. टाचण जुलैच्या मध्यावर थांबले होते. आणि वर्गातली काही मुले ऊसतोड कुटुंबांतली. दसरा-दिवाळीच्या सुमारास आईवडील कारखान्यांकडे निघाले की त्यातली काही त्यांच्याबरोबर जातात. त्यांच्यासाठी 'पुढे भरून काढू' या शब्दांना अर्थ नसतो.

आता बोलण्याबद्दल. मत्तयाच्या 18 व्या अध्यायातली पहिली पायरी स्पष्ट आहे: तो आणि तू, दोघेच. ही पायरी बहुतेक जण गाळतात. आधी पाळकांच्या (पाद्रींच्या) कानावर घालतात, मग बायकोच्या, मग कमिटीच्या. वेळ ठरवायची ती शाळेच्या दिवशी, शेवटच्या तासानंतर, वीस-पंचवीस मिनिटांची. रविवारी उपासनेनंतर देवळाच्या पायरीवर मुळीच नको. टेबल मध्ये न ठेवता दोन खुर्च्या जवळ घ्याव्यात. सुरुवात प्रार्थनेने करू नये, असे आम्ही सुचवतो. काहींना हे पटत नाही. पण वरिष्ठाने आधी डोळे मिटून प्रार्थना केली की समोरच्याला नंतर 'नाही' म्हणता येत नाही. प्रार्थना शेवटी करावी, त्याची इच्छा असेल तर.

पहिले वाक्य बाईंकडून तीन वेळा म्हणवून घेतले: "सर, गेल्या बारा दिवसांत सात दिवस दहावीचा पहिला तास तुमच्याशिवाय सुरू झाला. काय होतंय?" एवढेच. कौतुकाची प्रस्तावना नाही, 'तुम्ही मला वडिलांसारखे' नाही. आणि त्यानंतर गप्प राहायचे. हेच सर्वांत अवघड जाते. शांतता सोसवत नाही म्हणून मुख्याध्यापक स्वतःच कारण सुचवून मोकळे होतात.

सर आधी बस, रस्ता, ट्रॅफिक असे बोलले. बाई बोलल्या नाहीत. मग त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला, पुन्हा घातला आणि सांगितले की पत्नीचे डायलिसिस चालू आहे, चार महिने झाले. सोमवार आणि गुरुवार, अंबाजोगाईला. पहाटे नेऊन सोडायचे, मुलगी तिथे थांबते, ते पुढच्या एसटीने परत येतात. मंडळीत कुणाला माहीत नव्हते. जो दर रविवारी आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतो, त्याला स्वतःच्या घरचे नाव त्या यादीत घालवेना.

बाई रडल्या, आणि ते ठीक होते. इथेच बहुतेक जण वही मिटवतात: 'जाऊ द्या सर, मला माहीत नव्हतं.' पण उशिराचे दिवस सात होते आणि डायलिसिसचे चार. मंगळवार, बुधवार आणि पुढच्या आठवड्यातला शुक्रवार यांना अंबाजोगाईचे कारण नव्हते. न तपासलेल्या वह्यांनाही नव्हते. चार दिवस ओझे, तीन दिवस भार. बाईंनी हे दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत मांडले, त्याच दिवशी नाही. दुःख बाहेर पडल्यावर लगेच हिशेब मांडू नये.

ठरले ते अर्ध्या पानावर लिहिले. सोमवारी आणि गुरुवारी सरांचा पहिला तास तिसऱ्यावर. त्या जागी मराठीच्या मॅडम, ज्यांना हुकूम दिला नाही, विचारले. सरांची परवानगी घेऊन पाळकांना सांगितले. मंडळीच्या युवक संघातल्या दोघांनी आठवड्यातली एक फेरी आपल्याकडे घेतली. हे झाले ओझे. उरलेले चार दिवस 10:25 ला मस्टरवर वेळेसह सही, दर आठवड्याला वह्यांचा एक गठ्ठा, टाचण आदल्या दिवशी, आणि दसऱ्याआधी बुडालेल्या चार तासांची भरपाई: हा सरांचा भार. दोघांच्या सह्या, प्रत दोघांकडे, आढावा 15 आणि 30 दिवसांनी. आढाव्याची तारीख न लिहिलेला ठराव टिकत नाही.

सर बदललेच नसते तर? मत्तयाच्या त्याच अध्यायातली दुसरी पायरी एक-दोन साक्षीदारांची. इथे पाळकांना बसवण्याचा मोह होतो, तो टाळावा. मस्टर हा शाळेचा विषय आहे, म्हणून पर्यवेक्षक बसतील. त्यानंतर लेखी खुलासा मागवायचा, आणि शिक्षेची वेळ आलीच तर ती महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) नियमावली, 1981 प्रमाणे, व्यवस्थापनामार्फतच. रागाने पगारबिल अडवणे, प्रभुभोजनाच्या वेळी तोंड फिरवणे, यातले काहीही नाही. गोपनीय अहवालात मात्र खरे तेच लिहायचे. मनाने क्षमा केली म्हणून मस्टरमधली वेळ मागेपुढे करता येत नाही. ती खोटी नोंद होते.

एका बाबतीत 'दोघेच आधी बोला' ही पायरी लागूच होत नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले किंवा तशी शंका आली, तर समजावणी, साक्षीदार, मंडळीची बैठक यातले काही करायचे नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा कळवला नाही तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलांसाठी 1098 ही हेल्पलाइन आहे. आपलाच माणूस आहे, मंडळीची बदनामी होईल, हे कारण तिथे चालत नाही, देवापुढेही नाही.

तीस दिवसांच्या आढाव्याला सर आणि बाई पुन्हा त्याच दोन खुर्च्यांवर बसले. ठरलेल्या दिवसांपैकी दोन दिवस उशीर झाला होता, त्यातला एक विनाकारण. वह्यांचे गठ्ठे चारपैकी तीन झाले होते. चारपैकी तीन तास भरून निघाले, 'वर्तुळ' पूर्ण झाले. 'भौमितिक रचना' अजून अर्धी राहिली आहे, आणि तिच्यासाठी दसऱ्याआधीचे दोन शनिवार ठेवले आहेत. विनाकारण उशिराच्या दिवशी मस्टरमध्ये सहीपुढे 10:52 अशी वेळ लिहिलेली होती. अक्षर सरांचे होते.